हिवाळ्यातील परसबाग

आश्विन निम्मा सरला की पावसाळा बहुधा महाराष्ट्राचा निरोप घेतो. आकाश निवळते, ओढ्यांचे गढूळ पाणी नितळ होते आणि पहाटे गवताच्या पात्यांवर दवाचे पहिले थेंब दिसू लागतात. बाग लावावयाची ती मृगाच्या पावसाबरोबर, अशी पुष्कळांची समजूत असते. फळझाडांच्या बाबतीत ती बरीचशी खरीही आहे. परंतु घरापुरती भाजी पिकविणारी परसबाग प्रथमच सुरू करावयाची असेल, तर जाणता माळी पाऊस येण्याची वाट पाहत नाही. तो पाऊस जाण्याची वाट पाहतो.

पावसाळ्यात दोडका, पडवळ, काकडी, भोपळा यांचे वेल मांडवावर जोमाने चढतात हे खरे. पण मेथी, कोथिंबीर, पालक यांसारखी नाजूक पालेभाजी संततधारेत तग धरीत नाही. मातीतील बारीक पोकळ्या पाण्याने भरून गेल्या म्हणजे मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. खुरपून काढलेले तण आठ दिवसांत पुन्हा उभे राहते. गोगलगायी एका रात्रीत कोवळी रोपे फस्त करतात. उन्हाळ्यात या अडचणी कमी होतात, पण त्यांहून मोठी अडचण पुढे येते. ती पाण्याची होय.

ही अडचण किती मोठी आहे, हे थोड्या हिशेबाने कळते. १ चौरस मीटर जमिनीवर १ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर पसरला, तर ते पाणी बरोबर १ लिटर भरते. दख्खनच्या पठारावर उघड्या पसरट भांड्यात ठेवलेले पाणी डिसेंबर महिन्यात दिवसाला सुमारे ४ मिलिमीटर आटते. मे महिन्यात तेच १० मिलिमीटरच्या आसपास आटते. वाफ्यातील भाजीची तहानही साधारणपणे ह्याच प्रमाणात कमीअधिक होते. आता ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असा १२ चौरस मीटरांचा परसबागेचा तुकडा घ्या. त्याला डिसेंबरात दिवसाला ४८ लिटर, म्हणजे १५ लिटरांच्या तीन-सव्वातीन बादल्या पाणी पुरेल. मे महिन्यात त्याच तुकड्याला १२० लिटर, म्हणजे आठ बादल्या लागतील. माण, खटाव, आटपाडी यांसारख्या अवर्षणाच्या तालुक्यांत मे महिन्यातील आठ बादल्या कोणी भाजीवर ओतील, अशी अपेक्षाही करणे योग्य नव्हे. तेथे डोक्यावरून आणलेला हंडा प्रथम माणसांसाठी आणि गुरांसाठी असतो. हिवाळ्यात मात्र विहिरींना बहुधा पाणी असते आणि तीन बादल्यांपैकी एक तर स्वयंपाकघरातूनच मिळते. डाळ-तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी मोरीत न ओतता एका बादलीत साठविले की झाले. साबणाचे पाणी पालेभाजीवर घालू नये. ते मोरीच्या तोंडाशी लावलेल्या केळीला आणि अळवाला जावे, ही आपल्याकडची जुनी रीत उत्तम आहे.

केवळ पाण्याची बचत होते म्हणून हिवाळा चांगला, असे मात्र नाही. कित्येक भाज्यांना थंडीच हवी असते. कोबी आणि फुलकोबी मूळच्या युरोपच्या. गाजर मध्य आशियातील. वाटाणा पश्चिम आशियाकडचा. या थंड हवेच्या मुलुखांतून आलेल्या वनस्पतींना आपल्याकडील बारा महिन्यांपैकी हिवाळ्याचे चार महिनेच मानवतात. फुलकोबीचेच पाहा. ज्याला आपण तिचा गड्डा म्हणतो, ते पूर्ण उमललेले फूल नव्हे; फुले होण्याच्या आधीच्या अवस्थेत थांबलेल्या कोवळ्या देठांचा तो दाट समूह होय. हवा उष्ण असली तर तो नीट बांधला जात नाही. गड्डा विरळ होतो, पिवळा पडतो, किंवा नुसती पानेच वाढत राहतात. वांगे मात्र ह्याच देशाचे आहे. त्याला कोणताही ऋतू चालतो, तरी हिवाळ्यातील वांगे अधिक चवदार लागते असे गृहिणी सांगतात, आणि त्यांचे म्हणणे सहसा चुकत नाही.

थंडीतील वाटाणा आणि गाजर अधिक गोड का लागतात, ह्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. दिवसा सूर्यप्रकाशात पाने हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून साखर तयार करतात. ही साखर म्हणजे वनस्पतीची शिदोरी. रात्री साखर तयार होत नाही, परंतु श्वसन चालूच राहते आणि शिदोरीतील काही भाग खर्च होतो. रात्र जितकी उष्ण, तितका हा खर्च अधिक. हिवाळ्यात दिवसा स्वच्छ ऊन असते, म्हणून मिळकत चांगली होते. रात्र गार असते, म्हणून खर्च थोडा होतो. उरलेली साखर गाजराच्या मुळात आणि वाटाण्याच्या दाण्यात साठते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हिवाळ्यातील बागेची तयारी थंडी पडल्यावर करून चालत नाही. थंडीत बी उशिरा रुजते आणि रोप सावकाश वाढते. म्हणून रोपाने मुळे धरण्याचे काम हवेत थोडी ऊब असतानाच उरकलेले बरे. कोणती भाजी केव्हा पेरावी, हे ठरविण्याचा एक सोपा मार्ग आहे. १३ जानेवारीच्या सुमारास, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगी येते. त्या दिवशी घरोघरी बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी होते. वांगी, गाजर, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे, पावटा असे त्या दिवसांत शेतात जे जे असते ते सारे त्या भाजीत पडते. ही भाजी आपल्या परसातील असावी असे वाटत असेल, तर भोगीपासून मागे मोजीत जावे. गाजराला साधारण ९० दिवस लागतात. म्हणजे ते ऑक्टोबरच्या मध्यास पेरले पाहिजे. वांग्याचे रोप तयार होण्यास महिनाभर आणि पुढे फळ धरण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. त्याचे बी सप्टेंबरअखेर रोपवाफ्यात पडावयास हवे. वाटाण्याला ६५ ते ७५ दिवस पुरतात, म्हणून तो नोव्हेंबरच्या आरंभी पेरला तरी चालतो. मुळा सहा-सात आठवड्यांत तयार होतो. मेथीला अवघा महिना पुरे. ती डिसेंबरच्या मध्यास पेरूनही भोगीला खुडता येते. ज्यांना आश्विन-कार्तिकात सवड झाली नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. मार्गशीर्षात आणि पौषातही मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर खुशाल पेरावी. फुलकोबीचा मोह मात्र टाळावा, कारण ती गड्डा धरण्याच्या आतच फाल्गुनाचे ऊन येऊन ठेपते.

पेरण्याआधी बी जिवंत आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. नवरात्रात घटाभोवती शेतातील माती पसरून तीत धान्य पेरण्याची रीत महाराष्ट्रात आहे. दसऱ्यापर्यंत त्याचे पिवळसर हिरवे अंकुर चांगले वर येतात. पूजेच्या निमित्ताने घरच्या धान्याची उगवणशक्ती त्यातून आपोआप दिसून येते. भाजीच्या बियांसाठी इतकेही करावयास नको. ओल्या फडक्यात २० बिया गुंडाळून ठेवाव्यात आणि फडके वाळू देऊ नये. मेथी आणि मुळा यांचे मोड तीन-चार दिवसांत दिसतात. १६ बिया रुजल्या तर शंभरांतून ८० रुजतील असे समजावे. निम्म्याही रुजल्या नाहीत तर ते बी टाकून नवे आणणे शहाणपणाचे.

आता जागा. घरामागे मोकळी दिसेल ती जागा बागेस योग्य असतेच असे नाही. हिवाळ्यात सूर्य आकाशातून दक्षिणेकडे कललेल्या मार्गाने जातो. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यास भर दुपारी ३ मीटर उंचीच्या भिंतीची सावली उत्तरेस सुमारे २.७ मीटर लांब पडते. जून महिन्यात त्याच वेळी ही सावली जवळजवळ नाहीशी झालेली असते. त्यामुळे पावसाळ्याच्या आरंभी उन्हात असलेली भिंतीच्या उत्तरेची जागा मार्गशीर्षात दिवसभर सावलीत जाते, आणि तेथे लावलेला टोमॅटो नुसता उंच, फिकट व लुकडा वाढतो. म्हणून वाफे घराच्या किंवा कुंपणाच्या दक्षिणेस, नाहीतर पूर्वेस असावेत. निदान सहा तास ऊन मिळावयास हवे. पालक आणि कोथिंबीर यांचे थोड्या कमी उन्हावरही भागते.

जमीन जशी असेल तशी स्वीकारावी आणि तिच्याप्रमाणे वागावे. देशावरील काळी माती ओल पुष्कळ दिवस धरून ठेवते. सोलापूरकडे रब्बीची ज्वारी ह्या साठलेल्या ओलीवरच पिकते. पण ती ओली असताना चिखल होते आणि वाळली की भेगाळते. तिला वाफसा आल्यावर, म्हणजे मूठभर माती दाबून सोडल्यावर ती हाताला न चिकटता सहज फुटू लागली की, खणावी. तांबडी मुरमाड माती खणावयास सोपी असते, मात्र पाणी तिच्यातून लवकर निघून जाते. तिला थोडे थोडे पाणी वरचेवर द्यावे लागते. कोकणात भात कापून झाल्यावर जेथे ओढ्याचे किंवा पाटाचे पाणी मिळते, तेथे त्याच खाचरांत हिवाळी पीक घेतात. त्याला वायंगण म्हणतात. ज्यांच्याजवळ जमीनच नाही अशा शहरवासीयांचा प्रश्न निराळा. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे अनेकांना ह्याची वाट दाखविली. वाळलेला पाला, उसाची चिपाडे आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून गच्चीवरच माती तयार करता येते, हे त्यांच्या प्रेरणेने पुष्कळांनी अनुभवाने पाहिले. भाजीला खोल जमिनीची गरज नसते. मेथीला वीतभर माती पुरते.

कुदळीने वीतभर खोल खणून, ढेकळे फोडून, दगड व हरळीच्या काशा वेचून काढाव्यात. हरळीची एक कांडी राहिली तरी ती महिन्याभरात वाफा व्यापते, ह्याचा अनुभव प्रत्येक शेतकऱ्याला असतो. नंतर दर चौरस मीटरला दोन-तीन किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ‘कुजलेले’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ताजे शेण मातीत कुजताना तापते आणि कोवळ्या मुळांना अपाय करते. शिवाय त्याबरोबर हुमणीच्या अळ्याही येतात. तयार खताला शेणाचा वास येत नाही. पावसाने भिजलेल्या मातीचा येतो तसा वास येतो. वाफा सुमारे १ मीटर रुंद असावा, म्हणजे दोन्ही बाजूंना बसून आत पाय न ठेवता मधल्या रोपापर्यंत हात पोचतो. लांबी कितीही चालेल.

काही बिया थेट वाफ्यात पेरतात, तर काहींची आधी रोपे करतात. हा भेद का, असा प्रश्न सहज पडेल. गाजर आणि मुळा यांचे मूळ हेच आपले खाद्य. रोप उपटून दुसरीकडे लावताना ते मूळ दुखावते आणि पुढे त्याला दोन-तीन फाटे फुटतात. म्हणून ही पिके जागच्या जागी पेरणेच इष्ट. मेथी, पालक व कोथिंबीर यांची रोपे इतकी दाट असतात की ती उचलून लावीत बसणे कोणालाच परवडणार नाही. कोथिंबिरीसाठी पेरावयाचा धणा अखंड नसावा. एका धण्यात दोन बिया असतात. फळीवर चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून त्याच्या दोन डाळी वेगळ्या कराव्यात आणि रात्रभर पाण्यात भिजवून पेराव्यात. तरीही अंकुर दिसावयास आठवडा-दीड आठवडा लागतो. गाजराचे बी ह्याहून आळशी आणि फार बारीक असते. मूठभर कोरड्या वाळूत मिसळून ते पेरले म्हणजे एका जागी गर्दी होत नाही. बी किती खोल पेरावे, ह्याचा ठोकताळा असा की, बियांच्या जाडीच्या दोन-तीन पटींहून अधिक माती वर नसावी. बारीक बी खोल गाडले तर उजेडापर्यंत पोचण्याआधीच त्याची शिदोरी संपते.

वांगी, टोमॅटो, कोबी आणि फुलकोबी यांचे बी मात्र आधी लहानशा गादीवाफ्यावर टाकतात. जमिनीपासून चार बोटे उंच केल्यामुळे ह्या वाफ्यात पाणी साचत नाही. साचले तर रोपांचे देठ मातीलगत सडून ती एका रात्रीत आडवी होतात. बी टाकल्यावर मुंग्या ते वाहून नेतात, विशेषतः वांग्याचे. भोवती राखेची रेघ ओढावी. चार-पाच पानांची, वीतभर उंचीची रोपे झाली की ती संध्याकाळी उचलून दुसऱ्या वाफ्यात लावावीत. संध्याकाळ निवडावयाची ती अशासाठी की, तुटलेल्या बारीक मुळांना सावरावयास सबंध रात्र मिळते. फुलकोबीच्या दोन रोपांत दोन वितींहून थोडे अधिक अंतर ठेवावे. लहान रोपांमधील ती मोकळी जमीन पाहून घाईने आणखी रोपे लावण्याची इच्छा होते. त्याऐवजी तेथे मुळा पेरावा. फुलकोबीची पाने पसरण्यापूर्वी तो निघूनही जातो.

पौषात थंडीचा कडाका पडतो. आकाश निरभ्र असले म्हणजे जमिनीची उष्णता रात्री अडथळ्याविना वर निघून जाते. ढगांचे पांघरूण असले की ती काहीशी अडते. म्हणूनच चांदण्या लखलखीत दिसतात ती रात्र अधिक गार असते. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे अशा रात्री तापमान फार खाली उतरते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. परसबागेला शेकोटीची गरज नाही. कोरड्या मातीपेक्षा ओली माती अधिक उष्णता साठविते आणि ती सावकाश सोडते. तेव्हा कडाका वाढणार असे दिसले की त्या संध्याकाळी वाफ्यांना पाणी द्यावे. एरवी मात्र पाणी सकाळी द्यावे. पाने रात्रभर ओली राहिली तर त्यांवर बुरशी धरते. रोपांच्या बुडाशी वाळलेल्या पानांचा किंवा पेंढ्याचा दोन बोटे जाड थर पसरला, तर ओल टिकते व तीन बादल्यांचे काम दोन बादल्यांत होते.

मध्येच दोन-तीन दिवस ढगाळ हवा पडली की कोबी आणि मुळ्याच्या पानांमागे मावा दिसू लागतो. हे हिरवट-करडे, टाचणीच्या डोक्याएवढे किडे पानांतील रस शोषतात. प्रारंभी ते बोटांनी पुसून काढता येतात. पुढे चुलीतील चाळलेली राख सकाळी दवाने ओल्या असलेल्या पानांवर धुरळावी. तेवढ्याने भागले नाही, तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात आणि ते पाणी गाळून शिंपडावे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला एक वाटोळा भुंगेरा माव्याच्या घोळक्यात हिंडताना दिसेल. त्याला मारू नये. तो आणि त्याच्या काळपट, काटेरी अळ्या माव्यावरच जगतात. चिमण्या मात्र वाटाण्याचे कोवळे शेंडे टिपतात. त्यांच्यासाठी बोरीची एक फांदी वाफ्यावर आडवी टाकणे पुरेसे असते.

वाटाणा निघाल्यावर त्याचे वेल उपटून फेकू नयेत. एखादे मूळ हळुवार धुऊन पाहिल्यास त्यावर मोहरीएवढ्या गाठी आढळतात. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नायट्रोजन वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. वेल वरच्यावर कापून मुळे तशीच जमिनीत ठेवली तर तेथे पुढे लावलेल्या भेंडीला त्याचा लाभ होतो. मेथीच्या मुळांवरही अशाच गाठी असतात.

माघ संपता संपता दुपार तापू लागते आणि वाफ्यांचे रूप बदलते. मुळ्याचा एकाएकी उंच दांडा वाढतो, त्यावर पांढरी-जांभळी फुले येतात आणि खालचा मुळा चिवट होतो. कोथिंबिरीलाही पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात, मधमाश्या त्यांभोवती घोंगावतात. असा वाफा सरसकट उपटू नये. मेथीची आणि कोथिंबिरीची पाच-सहा जोमदार रोपे वाफ्याच्या कडेला तशीच राहू द्यावीत. शेंगा आणि धणे झाडावरच पूर्ण वाळले की ते सकाळी, दव सुकल्यावर काढावेत, कारण दुपारी वाळलेल्या शेंगा हात लावताच तडकतात आणि बी मातीत सांडते. संकरित वाणाचे बी मात्र असे धरू नये. त्यापासून पुढच्या वर्षी तशीच भाजी येत नाही. इतर बी दोन दिवस सावलीत वाळवून, कोरड्या राखेत मिसळून, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे आणि बाटलीवर भाजीचे नाव व महिना लिहून ती गार, अंधाऱ्या फडताळात ठेवावी. ती पुन्हा उघडावयाची ती पुढच्या आश्विनात, घट बसतील तेव्हा.